मावशीची परीक्षा

माझी मावशी हिशेबाला पक्की. कराडला तिच्या गल्लीतल्या वीस बायकांची भिशी तिने बावीस वर्षे चालवली. वही होती, पण ती इतरांच्या समाधानापुरती. कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, कोणाची पाळी कोणत्या महिन्यात, हे सारे तिच्या तोंडी असे. अशी ही मावशी 'विसरायला लागली' असा दादाचा फोन आला तेव्हा मी जे बोलले ते आज आठवले की लाज वाटते. मी म्हणाले, "अरे, एकाहत्तर वर्षांची झाली ती. वय आहे."

वाचकहो, हे 'वय आहे' आपण किती सहज म्हणून जातो! त्या दोन शब्दांच्या मागे काय काय दडलेले असू शकते, हे मला त्यानंतरच्या वर्षभरात कळले. म्हणून या वेळच्या सदरात मावशीचीच हकिगत सांगते. तिची परवानगी घेतली आहे. "माझं नाव घालू नकोस, बाकी खुशाल लिही," असे तिने सांगितले आहे.

काका गेले आणि दीड महिन्यात दादा मावशीला बेंगळुरूला घेऊन आला. एकुलता एक मुलगा, आई एकटी कशी राहणार? त्याचे काही चुकले नाही. सर्जापूर रस्त्यावर अकराव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे. दादा-वहिनी दोघे सकाळी बाहेर पडतात, नात शाळेत जाते. मावशी दिवसभर घरात. आठ महिन्यांत तक्रारींची यादी तयार झाली. दूध दोनदा उतू गेले, एकदा भांडे जळाले. खाली फिरायला गेली आणि सारख्या दिसणाऱ्या इमारतींत चुकली, तेव्हा सुरक्षारक्षकाने आणून सोडले. तेच तेच पुन्हा विचारते. आज वार कोणता, हे सांगता येत नाही. जेवायला बसली की गप्प.

जवळच्या एका डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारून "वयोमानानं होतं" असे सांगितले आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या. घरात मात्र सर्वांनी मनाशी एक शब्द पक्का केला होता : स्मृतिभ्रंश.

आणि त्याच सुमारास कराडच्या घराला गिऱ्हाईक आले.

घाई कशाची होती?

घर मावशीच्या नावावर. काकांनी हयातीतच तशी व्यवस्था केली होती. दादाच्या डोक्यावर फ्लॅटचे कर्ज. आई आता परत तिकडे राहायला जाणार नाही, उद्या तिला काहीच आठवेनासे झाले तर सही कोण करणार, मग आत्ताच कुलमुखत्यारपत्र करून व्यवहार उरकावा, असा सरळ हिशेब. वकिलांनी सुचवले, "एकदा तपासणी करून कागद घेऊन ठेवा, म्हणजे पुढे कुणी हरकत घ्यायला नको." अशा रीतीने मावशी मानसशास्त्रज्ञांच्या दारात पोहोचली. तिच्या दुखण्यासाठी म्हणून नव्हे, कागदासाठी!

मी त्या वेळी रजा काढून बेंगळुरूला गेले होते, म्हणून पुढचे सारे जवळून पाहता आले.

जायचे म्हटल्यावर मावशी बिथरली. "मला वेड लागलेलं नाही," हे पहिले वाक्य. तिच्या पिढीला मनाचे डॉक्टर म्हटले की येरवडाच आठवतो. 'तुला येरवड्याला पाठवायला हवं' ही आपल्याकडची नेहमीची थट्टा. आणि बेंगळुरूत या कामाचे सर्वांत मोठे नाव म्हणजे होसूर रस्त्यावरची निम्हान्स ही संस्था. तिचाही उगम एका वेड्यांच्या इस्पितळातच आहे. संस्था आपला इतिहास १८४७ पासून सांगते. १९२५ मध्ये म्हैसूर संस्थानाच्या काळात त्या जुन्या 'असायलम'चे नाव बदलून मनोरुग्णालय असे झाले. १९५४ मध्ये तिथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि मानसशास्त्रज्ञांना रुग्णांबरोबर काम करण्याचे रीतसर शिक्षण मिळू लागले. १९७४ च्या डिसेंबरात रुग्णालय आणि शिक्षणसंस्था एकत्र होऊन आजची निम्हान्स झाली. २०१२ मध्ये संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. कोंडून ठेवण्याच्या जागेपासून शिकवण्याच्या, बरे करण्याच्या जागेपर्यंतचा हा प्रवास आहे. पण आपल्या बोलण्यातला येरवडा काही हललेला नाही.

आमची भेट झाली ती जयनगर भागात खासगी काम करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंशी. तिशीतल्या, केरळच्या. त्यांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी केल्या. एक, मावशीच्या रक्ताची तपासणी झाली आहे का, कान-डोळे दाखवले आहेत का, हे विचारले. झाले नव्हते. थायरॉइड कमी असणे, बी-१२ जीवनसत्त्व कमी असणे, ऐकू कमी येणे, यांतले काहीही 'विसरभोळेपणा'चे सोंग घेऊन येऊ शकते. म्हणून आधी फिजिशियन, मग मानसशास्त्रज्ञ, असा क्रम त्यांनी सांगितला. मावशी आयुष्यभर शाकाहारी, आणि काका गेल्यापासून दूध-दहीही नावापुरते घेणारी. तिचे बी-१२ बरेच कमी निघाले. उजव्या कानाने कमी ऐकू येत होते, हेही तेव्हाच कळले. तेच तेच का विचारते याचे निम्मे उत्तर त्या कानात होते!

दुसरी गोष्ट चाचणीच्या दिवशी घडली.

आलू, टमाटर, प्याज...

वहिनीने आदल्या रात्री मावशीकडून तयारी करून घेतली होती. तारीख, महिना, पंतप्रधानांचे नाव, फ्लॅटचा नंबर. जणू दहावीची परीक्षा! बाईंना मराठी येत नव्हते, मावशीला इंग्रजी-कन्नड येत नव्हते. म्हणून प्रश्न हिंदीतून आणि अडेल तिथे वहिनी दुभाषी, असे ठरले. एका मिनिटात जितक्या आठवतील तितक्या भाज्या सांगायच्या होत्या. मावशी म्हणाली, "आलू... टमाटर... प्याज... गोबी..." आणि थांबली. मिनिट संपले.

बाईंनी पेन खाली ठेवले. वहिनीला म्हणाल्या, "आपण इथेच थांबू या. मी तुमच्या सासूबाईंच्या हिंदीची परीक्षा घेते आहे, स्मरणशक्तीची नाही."

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. फी घेऊन, चार कागद भरून, त्या अहवाल देऊ शकल्या असत्या. त्या अहवालावर एका घराचा व्यवहार झाला असता. त्याऐवजी त्यांनी मूळच्या बेळगावच्या, मराठी-कन्नड दोन्ही घरच्यासारख्या बोलणाऱ्या आपल्या एका सहकारी बाईंना फोन केला. आठवड्याने मावशी त्यांच्यासमोर बसली.

चाचणी ज्याची त्याच्या भाषेत व्हायला हवी, ही काही आजची गोष्ट नाही. यात आपल्या भागाचा मोठा वाटा आहे. फ्रान्समध्ये बीने यांनी मुलांच्या बुद्धिमापनाची कसोटी १९०५ मध्ये तयार केली. पुढे अमेरिकेत तिची सुधारित आवृत्ती निघाली. पण पॅरिसच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या मुलाला विचारलेला प्रश्न धारवाडच्या मुलाला जसाच्या तसा कसा विचारणार? डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती कसोटी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली. १९४० मध्ये त्यांचे भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे पुस्तक निघाले. 'बीने-कामत' हे नाव आजही मुलांच्या तपासणीच्या अहवालांत वाचायला मिळते. नागपूरला डॉ. मालिन यांनी वेक्सलरची मुलांसाठीची कसोटी भारतीय मुलांना लागू पडेल अशी केली आणि ती मराठीतही आणली. १९५५ च्या सुमारास अलाहाबादच्या डॉ. भाटिया यांनी ठोकळे, आकृत्या आणि चित्रांचे तुकडे वापरून अशी कसोटी केली की अक्षर न ओळखणाऱ्यालाही ती देता यावी. पुढे निम्हान्सच्या तज्ज्ञांनी मेंदूच्या कार्याची चाचणीमालिका तयार केली. तिच्यात उत्तरांची तुलना त्याच वयाच्या आणि तितक्याच शिक्षणाच्या भारतीय माणसांशी करण्याची सोय आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, मानसशास्त्रीय चाचणी म्हणजे थर्मामीटर नव्हे. तिचा आकडा एकटा काहीच बोलत नाही. तुमच्यासारख्या माणसांच्या शेजारी ठेवला की मगच त्याला अर्थ येतो. सातवीपर्यंत शिकलेल्या कराडच्या बाईची तुलना इंग्रजी शिकलेल्या शहरी माणसांशी केली, तर ती नापासच होणार.

बंद दाराआड

बेळगावच्या बाईंनी सुरुवातीलाच विचारले, "तुम्हाला काय म्हणू? आजी की काकू?" मावशी म्हणाली, "आजीच म्हणा. नातीच्या वयाच्या नाही, पण लेकीच्या तर आहात." मग त्यांनी आम्हाला नम्रपणे बाहेर बसवले. जवळचे माणूस खोलीत असले की नकळत सुचवते, नाही तर कपाळाला आठ्या घालते. दोन्हीने उत्तर बिघडते.

तासाभराची एक, अशा दोन बैठका झाल्या. काही शब्द ऐकून थोड्या वेळाने पुन्हा सांगायचे, लहानशी गोष्ट ऐकून आपल्या शब्दांत सांगायची, आकडे उलटे म्हणायचे, आकृती पाहून काढायची, घड्याळाचे काटे दाखवायचे, असे कायकाय होते. पुन्हा भाज्यांचा प्रश्न आला. मावशीने घरी येऊन सांगितले, "मी म्हटलं, पालेभाज्या सांगू की फळभाज्या? मेथी, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, घोळ, करडई, माठ, शेपू... त्याच म्हणाल्या, आजी, वेळ संपला!"

शेवटी ज्येष्ठांच्या नैराश्यासाठी असलेली 'हो-नाही' उत्तरांची प्रश्नावली झाली. आपले आयुष्य रिकामे वाटते का? कंटाळा येतो का? आपण निरुपयोगी आहोत असे वाटते का? त्याबद्दल मावशी त्या दिवशी काही बोलली नाही.

निकालाच्या दिवशी दादाही रजा काढून आला. बाईंनी सगळ्यांना बसवले आणि मावशीकडे वळून विचारले, "आजी, हे सगळ्यांसमोर सांगू की आधी तुम्हाला एकटीला?"

दादाने आश्चर्याने पाहिले. मावशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आधी मला."

आम्ही वीस मिनिटे बाहेर बसलो. दार उघडले तेव्हा मावशीचे डोळे ओले होते, पण आवाज भिशीच्या वेळचा होता : "या आता."

निष्कर्ष असा होता. शब्द ऐकल्यावर ते मावशीच्या मनात जात होते, पण आपणहून बाहेर काढताना ती अडत होती. थोडा संकेत दिला की आठवत होते. स्मृतिभ्रंशाच्या नेहमीच्या आजारात बहुधा संकेत देऊनही फारसा उपयोग होत नाही, कारण गोष्ट मुळात साठवलीच गेलेली नसते. अनेक ठिकाणी तिने प्रयत्न न करताच "नाही येत" म्हणून सोडून दिले होते. लक्ष टिकत नव्हते आणि वेग मंद होता. नैराश्याच्या प्रश्नावलीत मात्र गुण बरेच जास्त आले होते. थोडक्यात, सध्याच्या विसराळूपणाचे मोठे कारण नैराश्य, त्याला बी-१२ ची आणि कानाची जोड. बाईंनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली : "उतारवयातलं नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकतं. म्हणून आत्ता उपचार करू, आणि आठ-नऊ महिन्यांनी पुन्हा तपासू. आज मी कायमचा शिक्का मारणार नाही."

आणि वाराचे काय? मावशीनेच उत्तर दिले. "कराडला बाजाराचा वार होता, उपासाचा वार होता, भिशीचा दिवस होता. इथं सगळे वार सारखेच. लक्षात ठेवायचं कशाला?"

"मला कुणी विचारलंच नाही"

दादाने शेवटी मूळ मुद्दा काढला. "मॅडम, आई सही करू शकते की नाही, एवढं लिहून द्याल का?"

बाई म्हणाल्या, "तो प्रश्न या चाचणीत विचारलेलाच नाही. त्यासाठी आजींना व्यवहार समजतो का, त्याचे बरेवाईट परिणाम कळतात का, हे वेगळं पाहावं लागतं. पण त्याआधी एक विचारते. घर विकायचं आहे का, हे आजींना विचारलं होतं?"

खोलीत शांतता पसरली. मावशी हळूच म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही."

दादा खाली मान घालून बसला. मी त्याच्याकडे पाहू शकले नाही, कारण मीही कधी विचारले नव्हते.

कायदाही हेच सांगतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, करार करताना जो तो समजू शकतो आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा सारासार विचार करू शकतो, तो करारासाठी शुद्ध मनाचा. वय झाले किंवा विसरायला होते, एवढ्याने हा हक्क जात नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर मानसिक आजार असलेल्या माणसालाही आपल्या उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता आहे, असे गृहीत धरूनच सुरुवात करतो. त्याच कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिला आहे. 'आधी मला' हे मावशीचे दोन शब्द म्हणजे तिचा हक्कच होता.

आठवड्यातून एक तास

त्यानंतर उपचार सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शने संपेपर्यंत थांबून मग नैराश्यावरचे औषध लहान मात्रेत सुरू केले. इथे एक फरक लक्षात ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, औषध तेच देतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि बोलण्यातून, सरावातून उपचार करतात. मावशीला दोघेही लागले.

बेळगावच्या बाईंकडे ती आठवड्यातून एकदा जाऊ लागली. सुरुवातीला तिला वाटले, नुसते बोलून काय होणार? पण दुसऱ्याच वेळी बाईंनी गृहपाठ दिला. एका वहीत रोज तीन रकाने भरायचे : आज मी काय केलं, तेव्हा कसं वाटलं, कुणाशी बोलले. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या रकान्यात 'कुणाशी नाही' असे पाच वेळा लिहिलेले होते. ती वही पाहून वहिनी रात्रभर झोपली नाही.

मग एकेक लहान काम ठरत गेले. कराडला रोज करत होतीस त्यातली एक गोष्ट इथे कर. मावशीने सकाळचा स्वयंपाक मागून घेतला. नव्या शेगडीची बटणे नातीने रंगीत टिकल्या लावून शिकवली. दूध पुन्हा उतू गेले नाही. संध्याकाळी खाली उतरायचे, आपल्या इमारतीच्या दाराजवळ लक्षात राहील अशी एक खूण धरायची. तिने चाफ्याचे झाड धरले. त्या चाफ्याखाली हुबळीच्या एक आजी बसत. दोघींची भाषा अर्धी-अर्धीच जुळे, पण लोणच्याला तेवढी पुरते.

मग मनातल्या वाक्यांवर काम सुरू झाले. 'माझा आता काही उपयोग नाही' हे वाक्य बाईंनी कागदावर लिहायला लावले. एका बाजूला त्याच्या बाजूचे पुरावे, दुसऱ्या बाजूला विरुद्धचे. हे विचारांना न्यायालयात उभे करण्याचे तंत्र आता जगभर वापरले जाते. अमेरिकेत अल्बर्ट एलिस आणि अॅरन बेक यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत त्याचा पाया घातला. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत आणण्याचे मोठे काम मुंबईचे कि. मो. फडके यांनी केले.

आणि काकांबद्दलचे बोलणे झाले. दिवसकार्य संपले, सामान बांधले, गाडीत बसली. या सगळ्यात मावशी रडलीच नव्हती. "रडायला घर लागतं गं," असे ती मला नंतर म्हणाली.

एक बैठक आम्हा घरच्यांची झाली. बाईंनी दादाला एकच गोष्ट बंद करायला सांगितली. तो रोज जेवताना काळजीने विचारत असे, "आई, काल रात्री भाजी कोणती होती, आठवतंय?" बाई म्हणाल्या, "घरात रोज परीक्षा चालली, तर कुणीही घाबरून विसरेल. विचारायचं तर असं विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही." दादाने त्या रात्री विचारले, "आई, आपल्या घराचं जोतं कुणी बांधलं होतं?" मावशी पाऊण तास बोलत होती.

नऊ महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली. लक्ष, वेग, भाषा समाधानकारक निघाली. मन बरेच उभारले होते. फक्त ऐकलेली गोष्ट थोड्या वेळाने आठवून सांगण्यात ती अजून किंचित मागे आहे. म्हणून दरवर्षी तपासायचे ठरले आहे. उद्या काय होईल, हे कुणी लिहून दिलेले नाही.

आणि घर? मावशी दादाबरोबर कराडला गेली, महिनाभर राहिली. मागच्या दोन खोल्या एका शिक्षक जोडप्याला भाड्याने दिल्या, पुढच्या स्वतःसाठी ठेवल्या. "विकायचं तेव्हा मी सांगीन," असे तिने दादाला सांगितले. दादाचा कर्जाचा हप्ता आहे तसाच आहे. पण त्याचा चेहरा निवळला आहे.

तुमच्यावर अशी वेळ आली तर

असे प्रसंग घरोघरी आहेत. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या काळात कोणता ना कोणता मानसिक त्रास असल्याचे आढळले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

जाण्यापूर्वी शरीराची तपासणी करून घ्या. चालू असलेली सगळी औषधे, चष्मा आणि श्रवणयंत्र बरोबर न्या. उत्तरे पाठ करून नेऊ नका. मुलाला नेत असाल तर शाळेच्या वह्या आणि प्रगतिपुस्तके न्या. पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, हे मानसशास्त्रज्ञांना निःसंकोच विचारा. चांगल्या माणसाला राग येत नाही.

चाचणी कोणत्या भाषेत होणार, हे आधीच ठरवा. परप्रांतात राहत असाल तर हे फारच महत्त्वाचे. आणि चाचणी कशासाठी हवी आहे, हे स्वतःशी प्रामाणिकपणे सांगा. उपचारासाठी, शाळेसाठी की कागदासाठी?

अहवाल समजावून मागा. नुसता आकडा घेऊन घरी येऊ नका. पुढे काय करायचे, पुन्हा केव्हा तपासायचे, हे विचारा.

उपचार चार भेटींत सोडू नका. दिलेला गृहपाठ करा. पटत नसेल तर तसे तिथेच सांगा. गप्प राहून जाणे बंद करण्यापेक्षा ते बरे. आपले माणूस जे खोलीत बोलले ते घरी खोदून विचारू नका.

खासगी फी परवडत नसेल तर महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतही सोय असते. हा कार्यक्रम निम्हान्सने १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात करून पाहिलेल्या प्रयोगावरून आला आहे. कुठे जावे हेच कळत नसेल तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक फिरवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा चालू आहे. ती रात्रंदिवस आणि मराठीतही मिळते.

गेल्या महिन्यात मी बेंगळुरूला गेले तेव्हा चाफ्याखाली सात-आठ बायका बसल्या होत्या. मधोमध मावशी, मांडीवर वही. मला वाटले, बाईंनी दिलेली ती तीन रकान्यांची वही असेल. जवळ जाऊन पाहिले तर पानावर नावे होती आणि नावांपुढे हप्ते. मावशीने नवी भिशी सुरू केली आहे.

"वही कशाला? तुझं तर सगळं तोंडी असतं," मी म्हणाले.

"असू दे. आता थोडं लिहून ठेवलेलं बरं," मावशी म्हणाली आणि हुबळीच्या आजींच्या नावापुढे तिने खूण केली.